डांबरगोळ्यांचं पेट्रोल

आमच्या घरात मी विद्वान आहे, हे पहिल्यांदा मीच ठरवलं. बाकीच्यांना ते पटायला बराच वेळ लागला आणि काहींना तर अजूनही पटलेलं नाही. मखमलाबादच्या मळ्यातून सायकलवर नाशिकच्या कॉलेजात जाणारी, त्यातही सायन्सला गेलेली, आमच्या भावकीतली मी पहिली मुलगी. बी.एस्सी.च्या पहिल्या वर्षी केमिस्ट्रीच्या चाचणीत माझा वर्गात तिसरा नंबर आला आणि त्या दिवसापासून मी घरात साध्या भाषेत बोलणं सोडलं. मीठ हवं असलं की सोडियम क्लोराइड मागायची. आईला आम्ही बाई म्हणायचो. ती भाकरी थापता थापता मान वर न करता म्हणायची, "तुझं जे काय हाय ते उठून घे, फडताळात हाय." मी उठून घ्यायची. विद्वान माणसाला भूक लागतेच.

घर म्हणजे तीन खोल्या, पुढे ओसरी आणि चहूकडे फुलं. गुलाब, शेवंती, झेंडू आणि विहिरीच्या कडेला निशिगंधाचे वाफे. पहाटे विहिरीवरची मोटर सुरू झाली की तिच्या घरघरीनं आम्हाला जाग यायची आणि वीज गेली की त्या शांततेनंही यायची. बाई केळीच्या सोपटाचे दोरे पाण्यात भिजवून ठेवायची आणि बोलता बोलता हार ओवायची. तिच्या बोटांना तोंडाचा पत्ता नसे. ओसरीत पाहुण्यांसाठी एक लांबलचक, लाल रेक्झिनचं, स्प्रिंगवालं आसन होतं. ते आमच्या गाडीचं मागचं सीट. एका डॉक्टरांनी वापरून वापरून थकवलेली पेट्रोलवरची गाडी अण्णांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, फुलं वाहायला घेतली, तेव्हा मागं पाट्या मावाव्यात म्हणून ते सीट काढून ओसरीत ठेवलं. आलेला पाहुणा त्याच्यावर बसला की आधी खाली जायचा आणि मग वर यायचा. गाडीला सगळं मखमलाबाद 'डॉक्टरची गाडी' म्हणायचं. दहा वर्षं आम्ही ती वापरली, पण नाव डॉक्टरचंच राहिलं.

गाडी चालवायचा माझा मामा. बाईचा धाकटा भाऊ, नाव बाळू. आधी ट्रकवर होता, मग कंबर धरली म्हणून आमच्याकडे आला. मामा दिलदार माणूस, पण जगातली सगळी इंजिनं ट्रकचीच असतात असं त्याचं मत. डॉक्टरची गाडी चढाला लागली की बॉनेटखालून टकटक असा आवाज यायचा, कुणीतरी आतून पोलादी चमच्यानं भांडं वाजवावं तसा. श्रावणात दर सोमवारी आम्ही त्र्यंबकेश्वरला बेल-फुलं पोचवायचो, तेव्हा महिरावणीच्या चढावर ही टकटक एवढी वाढायची की रस्त्यानं चालणारी माणसं बाजूला व्हायची. मामाला त्याचं काही वाटायचं नाही. "इंजिन बोलायला पायजे," तो म्हणायचा, "मुकं इंजिन काय कामाचं?" अण्णांना मात्र तो आवाज सहन व्हायचा नाही. मोठ्या कष्टानं घेतलेली वस्तू रोज त्यांच्या देखत कण्हत होती.

आणि नेमका त्याच वर्षी मामानं माझ्यासाठी एक स्थळ आणलं. निफाडकडचं, द्राक्षबागवाल्यांचं. मुलगा एकुलता, बाग पाण्याखालची, घर सिमेंटचं. जेवताना मामानं हे सगळं सांगितलं आणि शेवटी म्हणाला, "वर्ष संपलं की उरकून टाकू दाजी. पयलं वर्ष झालं म्हंजे कॉलेजात गेलती असं म्हणता येतं, तेवढं बास." त्या दिवशी बाजरीची भाकरी, वांग्याचं भरीत आणि मिरचीचा ठेचा होता. मी भाकरी बाजूला सारली. मला दुसऱ्या वर्षाला जायचं होतं, तिसऱ्या वर्षालाही जायचं होतं आणि त्यापुढे काय असतं तेही बघायचं होतं. हे असं साधं सांगितलं असतं तर कदाचित अण्णांनी ऐकलंही असतं. पण साधं बोलणं मी सोडलं होतं ना. मी म्हणाले, "अण्णा, रसायनशास्त्राशिवाय जगात पान हलत नाही."

अण्णा बोलायला हळू. त्यांनी भाकरीचा तुकडा मोडला, ठेच्याला लावला, खाल्ला, पाणी प्यायले. "मंग आपल्या गाडीचं पान हालव," ते म्हणाले. "ती टकटक बंद करून दाखव तुझ्या शास्त्रानं. झाली बंद, तर पुढच्या वर्षाचं बोलू. नाय झाली, तर बाळू म्हणतो तसं."

दुसरी एखादी मुलगी घाबरली असती. मी मनातल्या मनात हसले, कारण टकटकीचं कारण मला पाठ होतं. इंजिनात पेट्रोलची वाफ आणि हवा दाबली जाते, दाबली की तापते. मग ठिणगी पडते आणि आग एका बाजूनं शिस्तीत पसरत जाते. पण पेट्रोल उतावळं असलं तर आग पोचायच्या आतच कोपऱ्यातली उरलेली वाफ आपणहून भडकते आणि पिस्टनवर हातोडा बसतो. तीच टकटक. पेट्रोल किती दाब सोसून शांत राहतं, त्याचा आकडा म्हणजे ऑक्टेन. हे सगळं आमच्या पुस्तकात होतं आणि बरोबरच होतं. चूक एवढीच झाली, की 'शांत राहतं' हे मी वाचलं आणि 'जोर वाढतो' असं समजले. आकडा मोठा म्हणजे ताकद मोठी, हा माझा शोध. पुढे तीस वर्षं मी ज्युनिअर कॉलेजात हाच धडा शिकवला. दर वर्षी मागच्या बाकावरून कुणीतरी विचारायचंच, "मॅडम, जास्त ऑक्टेननं पिकअप वाढतो का?" आणि मी खडू खाली ठेवून फार गंभीरपणे सांगायची की ज्या इंजिनाला त्याची गरज नाही त्याला काडीचाही फरक पडत नाही. हे मला कुठून कळलं ते मात्र कधी सांगितलं नाही.

पहिला प्रयोग बाटलीचा. नाशिकच्या द्वारका चौकात एका स्पेअर पार्टच्या दुकानात लाल रंगाचं पाणी भरलेली बाटली मिळायची, पेट्रोलमध्ये टाकायची. दुकानदार म्हणाला, गाडी पळायला लागेल. घरी आणली तर मामानं तिच्यावरची चिठ्ठी उलटीसुलटी करून बघितली आणि विचारलं, "लिटरला किती मिली?" आमच्याकडे कुठल्याही बाटलीला हाच प्रश्न. रोपाला रोग पडो, कळी गळो, पान पिवळं पडो, कृषी केंद्रातून बाटली आणायची आणि लिटरला किती ते विचारायचं. दुकानदार जेवढं सांगेल त्याच्या दुप्पट घालायचं, कारण तो लबाड असतो, आपलं औषध पुरवून पुरवून विकतो, असं सगळ्या मळेवाल्यांचं एकमत. आम्ही बाटली ओतली, दुप्पट ओतली. पेट्रोल जरा गुलाबी झालं असेल तेवढंच. टकटक होती तिथेच.

दुसरा प्रयोग पंपावरचा. तेव्हा पेट्रोल दोन तऱ्हेचं मिळायचं, एक सत्त्याऐंशी ऑक्टेनचं, आपलं नेहमीचं, आणि एक त्र्याण्णवचं, महाग. शहरातल्या एकाच पंपावर ते महागाचं असायचं. मामाला घेऊन गेले, थोडं भरलं, आणि खरंच महिरावणीच्या चढावर आवाज निम्म्यानं उतरला. मी बसल्या जागी टाळ्या वाजवल्या. अण्णांनी घरी येऊन पावती बघितली आणि एका वाक्यात निकाल दिला. "ही बंद नाय झाली, ही लाच देऊन गप्प बसवली."

(परवा माझा नातू अथर्व त्याच्या छोट्याशा गाडीत शंभर ऑक्टेनचं पेट्रोल भरून आला, वर ऑनलाइन मागवलेली चपटी बाटली ओतली आणि मला म्हणाला, "आजी, स्मूद झाली की नाही?" त्याच्या गाडीच्या पुस्तकात एक्क्याण्णव लिहिलंय, ते मी त्याला काढून दाखवलं. तो म्हणाला, "फील वेगळा येतो गं." मला अण्णांची आठवण झाली. आता पेट्रोलमध्ये उसाचं इथेनॉल येतं, त्यानं तर ऑक्टेन आपोआपच वाढतो, तरी सोसायटीच्या पार्किंगमध्ये रोज एक नवा तज्ज्ञ उभा असतो. मी त्यांच्या मधे पडत नाही. माझ्याइतकं तज्ज्ञ त्यांच्यापैकी कुणीच नसतं.)

तर मग तिसरा प्रयोग. तो संपूर्ण माझा, त्यात दुसऱ्या कुणाचा हात नाही. पुस्तकात लिहिलं होतं की ज्या संयुगांत बेंझिनचं कडं असतं, त्यांचा ऑक्टेन चांगला असतो. मी कपाट उघडून लुगड्यांची घडी काढत होते आणि वास आला. डांबरगोळ्या. डांबरगोळी म्हणजे नॅफ्थलीन, आणि नॅफ्थलीनमध्ये एक सोडून दोन कडी. दोन कडी म्हणजे दुप्पट ऑक्टेन. मी तशीच लुगडं हातात घेऊन खाली बसले. एवढा मोठा शोध आपल्या हातून लागतोय आणि जवळ कुणी साक्षीदार नाही, याचं मला वाईट वाटलं. खरं तर डांबरगोळ्या पेट्रोलमध्ये विरघळतात आणि त्यानं टकटक थोडी कमी होते, यात खोटं काही नाही. म्हणजे मी अगदीच वेडी नव्हते. हे वाक्य मी अथर्वला दोनदा म्हणून दाखवलं.

किराणा दुकानातून एक पुडा आणला, वरवंट्यानं ठेचून भुगा केला आणि मामा जेवायला बसलेला असताना टाकीत सोडला. दुपारी मामा, अण्णा आणि मी गाडी घेऊन त्र्यंबकच्या रस्त्याला गेलो. ऊन होतं. महिरावणीचा चढ आला, मी कान टवकारले, आणि टकटक अगदी बारीक ऐकू आली, लक्ष दिलं तरच. मामानं गाडी बाजूला घेतली, उतरला, बॉनेटला कान लावला. "आजारी पडली का काय," तो काळजीनं म्हणाला. संध्याकाळी अण्णांना मी सगळा शोध आकृती काढून समजावला. त्यांना कडी कळली नाहीत, पण गाडी गप्प झालेली त्यांनी स्वतः ऐकली होती. ते ओसरीतल्या सीटवर बसले, आधी खाली गेले आणि मग वर आले. मग म्हणाले, "परवा निफाडला लग्नाची फुलं घेऊन जायचंय. जाता-येता बिनटकटकीची चालली, तर तू जिंकलीस."

निफाडचं लग्न म्हणजे त्याच स्थळाच्या भावकीतलं. मला सांगून आलेल्या मुलाचे वडील, आबा, तिथे असणार, म्हणजे त्यांनी मला सहज बघावं हाही मामाचा बेत होता. मला त्याची फिकीर नव्हती. मी जिंकलेच होते. फक्त एक करायचं राहिलं होतं, ते मी लग्नाच्या आदल्या दिवशी केलं. एका पुड्यात एवढं होतं, तर तीन पुड्यांत किती होईल. टाकीत तेव्हा जेमतेम पाच-सहा लिटर पेट्रोल असेल. एवढं शिकलेली, वर्गात तिसरी, विद्राव्यता हा शब्द तोंडपाठ असलेली मी, आणि वेळ आली तेव्हा शेवटी मळेवाल्याचीच पोरगी निघाले. डोस दुप्पट नाही, तिप्पट केला.

मार्गशीर्षातली पहाट. निफाडची थंडी अख्ख्या महाराष्ट्राला माहीत आहे आणि त्या दिवशी ती नाशिकपर्यंत आली होती. आदल्या दिवशी दिवसभर बाईनं आणि शेजारणींनी मिळून वधूवरांचे हार, मुंडावळ्या, गजरे आणि मांडवाची तोरणं केली होती. हार केळीच्या पानात गुंडाळून पाट्यांत ठेवले, वर ओला पंचा. गाडीत ठेवताना बाईनं नाक वर करून वास घेतला. "कपाट कुणी उघडं टाकलंय?" ती म्हणाली. मी पाट्या नीट लावायला लागले. गाडीत टाकीच्या बाजूनं असा वास येत होता की सगळ्या मखमलाबादची लग्नाची लुगडी आमच्या गाडीत घड्या घालून ठेवली आहेत असं वाटावं. मामानं काच खाली केली. अण्णा पुढे बसले, मी मागे पाट्यांच्या मधे, पोत्यावर. मुहूर्त साडेदहाचा होता.

द्वारका ओलांडली तोवर गाडी छान चालली. आवाज नाही, काही नाही. मी पाट्यांच्या मधून अण्णांच्या मानेकडे बघत होते आणि दुसऱ्या वर्षाला कोणती साडी नेसायची ते ठरवत होते. शहर मागे पडलं, उसाची शेतं लागली, धुकं दाटलं, आणि गाडीनं एक आचका दिला. मग दुसरा. मामानं चोक ओढला, ढकलला, पुन्हा ओढला. चांदोरीच्या अलीकडे ती अशी थांबली की पुन्हा काही बोललीच नाही. टकटक तर नाहीच, घरघरही नाही. मामानं दहा वेळा सेल्फ मारला. "आता खरंच मुकी झाली," तो म्हणाला.

ढकलत ढकलत आम्ही एका पत्र्याच्या शेडपर्यंत आलो. मी पदर खोचून मागून ढकलत होते, आणि तेवढ्या थंडीत माझ्या कपाळावर घाम होता. शेडमध्ये जगन मिस्त्री म्हणून एक म्हातारा शेकोटीशी बसला होता. त्यानं काही विचारलं नाही. कार्बोरेटर उतरवला, टाकीतून येणारी नळी काढली, फुंकली, आणि तळहातावर काहीतरी पाडलं. पांढरे, चमकणारे, बारीक कण. त्यानं ते शेकोटीच्या उजेडात धरले. "साखर?" मामानं विचारलं. मिस्त्रीनं वास घेतला, मान मागे केली आणि आमच्या तिघांकडे आळीपाळीनं बघितलं. "टाकीत लुगडं ठिवलंय का तुम्ही?"

अण्णा माझ्याकडे वळले. मला त्या वेळी खोटं सुचलं असतं तर मी बोलले असते, खरंच. पण सुचलं नाही. "डांबरगोळ्या आहेत," मी म्हणाले. "तीन पुडे. थंडीमुळे परत गोठल्या." एवढं बोलताना मी पहिल्यांदाच साधं बोलत होते, हे माझ्या नंतर लक्षात आलं.

मिस्त्री हसला नाही, हेच मला जास्त लागलं. तो सुईनं जेटचं बारीक भोक साफ करत राहिला. "गोळ्या कशाला घातल्या?" त्यानं विचारलं. मी सांगितलं, टकटक होते, ऑक्टेन वाढवायचा होता, ताकद यायला. "ऑक्टेन म्हंजे ताकद नाय, पोरी," तो म्हणाला. "ऑक्टेन म्हंजे पेट्रोलनं दम धरणं. ह्या गाडीला साध्या पेट्रोलचा दम पुरतो, ती त्याच्यासाठीच बनवलीये. मंग टकटक का करती? ते बघायचं सोडून तू तिला औषधं पाजतीस." त्यानं बॉनेटमध्ये वाकून बघितलं, कसलासा स्क्रू सैल केला आणि मामाला विचारलं, "टायमिंग कुणी एवढं पुढं घेतलं? ठिणगी वेळेच्या आधी पडती. मंग टकटक होणार नाय तर काय?"

मामा शेकोटीकडे बघायला लागला. "मीच घेतलं," तो म्हणाला. "पिकअपला बरं असतं. ट्रकला करायचो आम्ही काय काय." अण्णांनी त्याच्याकडे नुसतं बघितलं. मिस्त्रीनं ठिणगीची वेळ ठरवणारी एक गोल डबी बोटभर फिरवली, स्क्रू आवळला, टाकीतलं पेट्रोल ओतून टाकून आपल्या डब्यातलं साधं सत्त्याऐंशीचं भरलं. गाडी सुरू झाली. पुढे पुलाचा चढ होता, तिथवर मामाला नेऊन आणलं. अजिबात टकटक नाही. माझा सगळा शोध, बाटली, महागाचं पेट्रोल, दोन-दोन कडी, आणि शेवटी काम झालं ते बोटभर डबी फिरवून. मी पाट्यांच्या मधे जाऊन बसले आणि रडले. टकटक बंद झाली होती, पण ती मी बंद केलेली नव्हती, हे गाडीतल्या तिघांनाही ठाऊक होतं.

आम्ही पोचलो तेव्हा मंगलाष्टकं सुरू व्हायच्या बेतात होती. हार धावत नेले. नवरीनं हार हातात घेतला आणि ती शिंकली. मग नवरा शिंकला. अंतरपाट धरणाऱ्या भटजींनी हळूच नाकाला उपरणं लावलं. मांडवाच्या तोरणांखाली बसलेली एक म्हातारी शेजारणीला म्हणाली, "लय दिवसांनी आईची ट्रंक आठवली गं." शेवंतीचा, गुलाबाचा, निशिगंधाचा असा एकही वास त्या मांडवात नव्हता. आमच्या फुलांना आयुष्यात पहिल्यांदा कसर लागणार नव्हती. मला जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं. पण निफाडची जमीन, द्राक्षाच्या बागा सोडून ती कुठं दुसऱ्या कामाला येते.

गोष्ट मांडवभर व्हायला पंगत बसेपर्यंतचाही वेळ लागला नाही. मामानंच सांगितली, स्वतःच्या टायमिंगचा भाग वगळून. पंगतीत आबा मुद्दाम अण्णांच्या शेजारी येऊन बसले. मी समोरच्या ओळीत बायकांत होते, हाताच्या अंतरावर. आबा माणूस वाईट नव्हता, आवाजही प्रेमळ. त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि अण्णांना म्हणाले, "हीच का तुमची डांबरगोळीवाली?" आजूबाजूचे हसले. अण्णाही थोडं हसले, आणि मला कळलं की आता संपलं. ते 'हो' म्हणणार. त्यांचा हक्कच होता, पैज मी हरले होते. मी पानातल्या भाताकडे बघत बसले.

"काय हरकत नाय," आबा पुढे म्हणाले. "हुशार हाय पोरगी, दिसतंय. वयात असतं असं. आमच्याकडं आली, दोन लेकरं झाली, की हे असलं डोकं आपोआप निघून जातं. आमच्या थोरल्या सुनेचं बी तसंच होतं. आता काय नाव काढत नाय."

अण्णांचा हात पानावरच थांबला. वाढपी बुंदी घेऊन आला होता, त्याला त्यांनी नको म्हटलं. मी मान वर केली नाही, पण ऐकत होते.

"निघून कसं जाईल," अण्णा म्हणाले. आवाज नेहमीचाच, हळू. "अजून पुरतं आलंच नाय ते. अर्धवट शिकलीये म्हणून तर आज तुमच्या मांडवात वास सुटला. पुरी शिकू द्या तिला. मंग बघू कोणाच्या घरी जायचं, ते तीच बघंल." आबांनी काहीतरी हसून वेळ मारून नेली आणि द्राक्षाच्या छाटणीचं बोलायला लागले. बाजूच्या बाईनं मला विचारलं, तुला ठसका लागला का. मी हो म्हणाले.

परतताना ऊन चांगलं तापलं होतं. मागच्या पाट्या रिकाम्या, मी पोत्यावर. मामा गाडी चालवत होता, गाडी सुतासारखी सरळ चालली होती. कुठला चढ आला तरी आवाज नव्हता. चांदोरी मागे पडल्यावर अण्णा पुढेच बघत म्हणाले, "तू हरलीस बरं का, कुंदे."

"हो, अण्णा."

"टकटक त्या मिस्त्रीनं बंद केली. तुझ्या शास्त्रानं गाडी बंद केली."

"हो."

अण्णांनी काचेवरची धूळ धोतराच्या सोग्यानं पुसली, बाहेरचा ऊस बघितला, आणि विचारलं, "दुसऱ्या वर्षाचा फॉर्म कधी सुटतो?"

मला उत्तर माहीत होतं. पण ते साध्या शब्दांत कसं सांगायचं, ते मी पाटीची कड घट्ट धरून जुळवत बसले. शेवटी मामानं आरशातून माझ्याकडे एकदा बघितलं आणि गियर बदलत म्हणाला, "जूनमदी सुटत असंल, दाजी. मी नेतो तिला."